एका हंगामात दोन राज्यं

खो-खोमध्ये एकटीचा व्हिडिओ काढणं किती अवघड आहे, हे काढायला घेतल्याशिवाय कळत नाही. क्रिकेटवाल्यांचं बरं असतं, चार चेंडू टोलवले की झालं. आमच्या खेळात आठ जणी मधल्या पाटीवर ओळीनं बसलेल्या, नववी पाठलाग करणारी, समोर तिघी चुकवणाऱ्या, आणि एवढ्या गर्दीतून कॉलेजच्या कोचला मी एकटीच दिसायला हवी. मी तेव्हा बारावीत होते. खेळाडू कोट्यातून चांगल्या कॉलेजात जायचं तर आधी व्हिडिओ पाठवायचा, त्यांना वाटलं तर ते ट्रायलला बोलावतात, आणि ट्रायल जमली की मग कागदपत्रं, एवढं मला शाळेतून दोन वर्षं आधी गेलेल्या एका मुलीकडून कळलं होतं. घरी कुणाला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. बाबा सरकारी शाळेत गणित शिकवतात. खेळ म्हणजे त्यांच्या लेखी गणिताचा तास बुडवायची सोय.

म्हणून मी मैत्रिणीला म्हटलं, रविवारी सकाळी ये, आपण दोघीच काढू.

ही मैत्रीण लोधीखेड्याची. रोज बसनं आमच्या गावी, मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरला, शाळेत यायची. सहावीपासून आम्ही एका संघात होतो आणि पाटीवर शेजारी-शेजारी बसायचो. शेजारी म्हणायचं इतकंच, कारण खो-खोत शेजारणीचं तोंड नेहमी उलट्या बाजूला असतं. मी शाळेच्या इमारतीकडे तोंड करून बसलेली, तर ती मागच्या संत्र्याच्या बागेकडे. सात वर्षं अशी बसून मला तिच्या श्वासावरून कळायला लागलं होतं की आता ही उठणार.

त्या रविवारी आम्ही बाबांचा मोबाइल दोन विटांच्या आधारानं उभा केला. ती पाठलाग करायची, मी चुकवायची. खांबाला वळसा, हुलकावणी, मागं सरकून सुटणं, सगळं तीनतीनदा केलं. घरी येऊन पाहिलं तर व्हिडिओ झकास झाला होता. मी म्हणजे हाती लागतच नव्हते. पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की दोन ठिकाणी तिचा हात माझ्या पाठीपर्यंत पोचला होता आणि तिनं तो मागं घेतला होता.

सोमवारी मी तिला विचारलं, "तू हात काहून मागं घेतला?"

"मंग काय करू? व्हिडिओ तुया हाये का माया?" ती म्हणाली.

"अन् तू तुया काहून नाई पाठवत?"

"माह्या घरचे छिंदवाड्याच्या पुढं सोडत नाई. तू जा पहिले. तू गेली का मले सांगाले होते घरी, का पाहा, ते पोट्टी गेली, तिले काई झालं का?"

तर असं ठरलं की मी आधी जायचं.

मी तो व्हिडिओ नागपूर, अमरावती, भोपाळ, इंदूर, जिथल्या जिथल्या कोचचा नंबर मिळेल तिथे पाठवला. सोबत वय, उंची, कुठं कुठं खेळले ते. दोन निळ्या टिका यायच्या आणि पुढं शुकशुकाट. त्या टिकांचा मला इतका राग यायचा की वाटायचं, पाहिलंच नसतं तर बरं. एका कोचनी फक्त 'उंची?' एवढं लिहिलं. उंची मी आधीच पाठवली होती. मी पुन्हा पाठवली. त्यानंतर त्यांचं काही आलं नाही, म्हणजे माझ्या उंचीनं त्यांचं तोंड बंद केलं असावं. जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवायची मला सवय लागली आणि आई रोज बोलायची. आपण कशाची वाट पाहतोय हे घरात एकीलाच माहीत असणं, हा एकटेपणा मला तोवर माहीत नव्हता. घर भरलेलं असतं, सगळे तुमच्याशी बोलत असतात, आणि तरी तुमचं लक्ष भलतीकडेच असतं.

मे महिना संपता संपता नागपूरच्या एका कॉलेजच्या मॅडमचा निरोप आला. ट्रायलला ये. येताना सगळी मूळ प्रमाणपत्रं आण.

'सगळी' हा शब्द मी फार मनावर घेतला. माझ्याकडे प्रमाणपत्रांचे दोन गठ्ठे होते, आणि ते दोन का होते हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या भागात पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. माझी आई काटोलजवळच्या एका गावची. ती गेली, मी तिकडे जन्मले, सव्वा महिन्यानं सौंसरला आले. म्हणजे जन्माचा दाखला महाराष्ट्राचा आणि बाकी सगळं आयुष्य मध्य प्रदेशातलं. सौंसर-पांढुर्ण्याच्या अर्ध्या लोकांचं असंच आहे. कुणाची आई तिकडची, कुणाची सून तिकडची, दवाखाना नागपूरचा, लग्नाची खरेदी नागपूरची, शाळा आणि रेशनकार्ड इकडचं. भाषा तर दोन्हीकडे एकच. सरहद्द कुठं लागते हे आम्हाला रस्त्यावरून कळायचं नाही, मोबाइलवर कंपनीचा संदेश आला की कळायचं.

दर दिवाळीला मी पांढुर्ण्याहून गाडीत बसून नरखेडवरून काटोलला मामाकडे जायची. मामाच्या गावी मुलींचं खो-खोचं मंडळ होतं. दहावीच्या दिवाळीत त्यांची एक मुलगी आजारी पडली, मामा म्हणाला, आमची भाची खेळते की. मी खेळले. पुढच्या वर्षी त्यांनी जन्माच्या दाखल्यावर माझी रीतसर नोंदणी केली, आणि बारावीत मी त्या जिल्ह्याकडून महाराष्ट्राच्या राज्य स्पर्धेला गेले. त्याच हिवाळ्यात शाळांच्या स्पर्धेत मध्य प्रदेशचा संघ निवडला गेला आणि आमच्या शाळेच्या पाच जणी त्यात लागल्या. त्यात मैत्रीण होती, मीही होते. पाठीवर मोठ्या अक्षरात राज्याचं नाव लिहिलेली जर्सी घालून आम्ही दोन दिवस रेल्वेनं प्रवास केला आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलो. आठात येऊन हरलो, पण त्या शेवटच्या सामन्यात मी आणि मैत्रीण अखेरपर्यंत बाद झालो नाही. शिट्टी वाजली तेव्हा आम्ही दोघीच मैदानात उभ्या होतो, धापा टाकत, आणि हरल्याचं आम्हाला बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

एका हिवाळ्यात दोन राज्यांकडून खेळण्यात काही चुकतंय, असं मला वाटलं नाही. मामाला वाटलं नाही. आईला नाही, मंडळाला नाही, आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांना तर कौतुकच होतं. मामाकडेही जेवायचं आणि घरीही जेवायचं, यात कुणाला काय अडचण असणार?

ट्रायलच्या दिवशी मी पहाटेच्या बसनं निघाले. बाबांची कुठलीशी ड्यूटी होती आणि आई एकटी येऊन करणार काय, म्हणून मी एकटीच. सावनेर मागे पडेपर्यंत झोप लागली नाही. मैदानावर पोचले तर बाकीच्या मुली घोळक्यानं आलेल्या. कुणी आपल्या कोचबरोबर, कुणी अख्ख्या मंडळाबरोबर. त्या एकमेकींच्या वेण्या घालून देत होत्या, पायाला पट्ट्या बांधून देत होत्या. माझ्या पाठीवर एक्केचाळीस नंबरचा कागद लावायचा होता आणि स्वतःच्या पाठीवर स्वतःला पिन लावता येत नाही. मी टी-शर्ट काढून लावावा तर आडोसा नाही. शेवटी पाण्याच्या टाकीपाशी झाडणाऱ्या बाईंना म्हटलं, काकू, एवढं लावून देता का? त्यांनी झाडू काखेत धरून लावून दिलं.

धावणं झालं, नागमोडी पळणं झालं, खांबावरची वळणं झाली. त्यात मी पहिल्या पाचात असेन. मग मॅडमनी आम्हाला मिसळून संघ पाडले आणि पाटीवर बसवलं. मागून कुणीतरी ओरडली, "खो." मी बसूनच राहिले. आवाज ओळखीचा नव्हता, आणि सात वर्षं माझं शरीर एकाच आवाजाला उठत आलं होतं. दुसऱ्यांदा उठले तर घाईत दिशा चुकली. पंचांनी हात वर केला. मी एकटी किती चांगली खेळते, हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण मी कधी एकटी खेळलेच नव्हते. मला रडू यायला लागलं, पण नागपूरच्या त्या उन्हात घाम आणि रडू वेगळं कोण काढणार?

चुकवायची पाळी आल्यावर मात्र मी जीव तोडून पळाले. तिथे कुणाच्या आवाजाची गरज नसते. समोरची येतेय, तिला चुकवायचं, बस. माझ्या तुकडीतल्या दोघी बाद होऊन बाहेर गेल्या तरी मी उरलेच.

दुपारी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्या पन्नाशीच्या, स्वतः कधीकाळी खेळलेल्या, बोटं वाकडी झालेली. म्हणाल्या, "पाटीवर तू झोपाळू आहेस, पण पळतेस चांगली. घेते मी तुला. वसतिगृहासकट. कागद दाखव."

मी दोन्ही गठ्ठे त्यांच्यासमोर ठेवले. अभिमानानं ठेवले, हे सांगायलाच हवं. जेवढी प्रमाणपत्रं जास्त तेवढं बरं, असं मला वाटत होतं.

त्यांनी एक गठ्ठा पाहिला, दुसरा पाहिला, मग दोन्हींतला एकेक कागद काढून शेजारी-शेजारी ठेवला. "हे कसं काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आई, माहेर, मामा, मंडळ. सांगताना मला अजूनही वाटत होतं की मी काहीतरी कौतुकाचं सांगतेय.

"बाळा," त्या म्हणाल्या, "एका हंगामात दोन राज्यं चालत नाहीत. हे बाहेर आलं तर तुझ्यावर बंदी येईल. वर तू ज्या ज्या संघात होतीस त्या संघांची प्रमाणपत्रं तपासायला काढतील. तुझ्या मैत्रिणी कुठं नोकरीला लावत असतील ती?"

मैत्रीण पोलीस भरतीला लावणार होती. तिच्या घरी तेवढ्या एका कागदाला मान होता.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुझा जन्म इथला, नोंदणी इथली. इथलं धर. तिकडून मी कधी खेळले नाही, असं लिहून दे, आणि तुझ्या शाळेचं तसं पत्र आण. नाहीतर इथलं सोड आणि भोपाळकडे बघ. पण तिकडे तुला कुणी बोलावलंय का?"

कुणी बोलावलं नव्हतं. चार दिवसांची मुदत होती.

घरी मी सगळं सांगितलं तेव्हा आईनं अगदी सरळ हिशेब मांडला. "जन्म तर तुया काटोलकडचाच हाये. खोटं काय त्याच्यात?" मुलांच्या उत्तरपत्रिकेत एक पायरी चुकली तर गुण कापणारे बाबा म्हणाले, "जागा चांगली हाये. पुढं काय करायचं ते तू पाहा." मला वाटतं मी नाही म्हणाले असते तर त्यांना जास्त आवडलं असतं. पण ते तसं बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. आमचे खेळाचे सर निवृत्तीला आले होते. त्यांच्या घरी अंगणात ते शिट्ट्यांच्या दोऱ्या धूत बसले होते. मी सांगत गेले आणि ते दोऱ्या पिळत राहिले.

"पत्र म्हणजे काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"का माही निवड झाली होती, पण मी गेली नाई. तब्येत बरी नव्हती म्हणून."

"अन् तुयं प्रमाणपत्र?"

"ते मी वापस करतो. तुम्ही ठेवा."

सरांनी हात पुसले. "तू राहिली नसती तर आठात आलो नसतो आपण," ते म्हणाले. मग दोऱ्या तारेवर टाकत, "तुले जायचं हाये ना? मंग जा. लिहून देतो. पण तुया त्या लोधीखेडावालीले सांगितलं का तू?"

"सांगीन," मी म्हणाले.

घरी येऊन मी एका कोऱ्या कागदावर निळ्या पेनानं लिहिलं, 'मी मध्य प्रदेशच्या कोणत्याही संघातून कधीही खेळलेली नाही.' खाली सही केली. अक्षर सुंदर आलं. मला आठवतं, मला स्वतःच्या अक्षराचंही बरं वाटलं होतं. एक प्रत कॉलेजला, एक शाळेच्या फाइलला.

मैत्रिणीला मी सांगितलं नाही. का नाही, याला माझ्याकडे आज चांगलं उत्तर आहे: तिचं प्रमाणपत्र वाचावं म्हणूनच तर केलं, तिला कळलं नाही तर तिच्यावर काही यायचं नाही. हे उत्तर मी नंतर तयार केलं. तेव्हा खरं एवढंच होतं की मला लाज वाटत होती, आणि आज सांगू, उद्या सांगू करता करता मी नागपूरला निघून गेले. ती बसस्टँडवर आली होती. घरच्या शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा दिला आणि म्हणाली, "पोचली का फोन करजो." मी बसमध्ये खिडकीशी बसून हात हलवला.

जुलैमध्ये शाळेत नवा बोर्ड रंगवला गेला. राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या विद्यार्थ्यांची नावं, पिवळ्यावर लाल अक्षरांत. मैत्रीण मार्कशीट आणायला शाळेत गेली आणि तिथूनच तिनं मला फोन केला.

"तुयं नाव राह्यलं बोर्डावर," ती म्हणाली. "चारच लिहिले. पेंटर भुलला वाटते. मी सरले सांगून राहिली, थांब."

"राहू दे ना," मी म्हणाले.

"राहू दे काय? पाच जणी गेलो होतो आपण."

"राहू दे. एवढं काय त्याच्यात."

तिला वाटलं मी मोठेपणानं म्हणतेय. तिनं फोन ठेवला आणि ती सरांकडे गेली. सरांनी आधी टाळलं. पेंटर पुढच्या महिन्यात येईल, वगैरे. ती ऐकणारी नाही. तिनं तिथेच उभं राहून सरांशी भांडण काढलं, की माझ्या मैत्रिणीवर अन्याय करून राहिले तुम्ही, मी प्राचार्यांकडे जाते. प्राचार्यांकडे जाणं म्हणजे सगळंच उघड. तेव्हा सरांनी नाइलाजानं फाइल काढून माझा कागद तिच्यापुढे ठेवला. हे मला सरांनी स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वाचला तिनं. दोनदा वाचला. मंग म्हणे, अक्षर तिचंच हाये. अन् गेली."

त्यानंतर मी तिला फोन केले, तिनं उचलले नाहीत. मग मी लांबलचक मजकूर लिहिला, सगळं, अगदी लाजसुद्धा. दोन निळ्या टिका आल्या. पुढं शुकशुकाट.

नागपूरच्या वसतिगृहात मी तीन वर्षं काढली आणि त्यातलं पहिलं वर्ष कसं काढलं हे मला नीट सांगता येणार नाही. खोलीत चौघी होतो. मी सौंसरची आहे हे सांगायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून मी काटोलकडची. आता, काटोलकडचं मला ठाऊक होतं ते दिवाळीच्या आठ दिवसांचं. शाळा कुठली, बाजार कधीचा, अमक्याची बहीण तुझ्या वर्गात होती का, असं कुणी विचारलं की मी दात घासायला निघायची. इतके दात त्या वर्षी कुणी घासले नसतील. घरून संत्री आली की मामाच्या बागेची सांगायची. बाबा भेटायला आले तर त्यांना फाटकाबाहेरच चहा पाजायची, कारण ते कुणाशीही बोलायला लागले की दुसऱ्या वाक्यात सौंसर काढणार. एकदा ते म्हणाले, "तुयी खोली तरी पाहू दे." मी म्हणाले, आज सफाई चालू आहे. ते बरं म्हणाले आणि पिशवी माझ्या हातात देऊन परत गेले. मी फाटकाशी उभी राहून त्यांची पाठ बघत होते आणि मला स्वतःची किळस आली.

खेळ मात्र चांगला होत गेला. मैदानावर नवे आवाज ओळखीचे झाले, पाटीवरची झोप उडाली. दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या संघाचा आधार झाले आणि विद्यापीठाच्या संघात आले. मुली चांगल्या होत्या. त्यांचा काही दोष नव्हता. पण ज्यांना आपण कुठून आलो हेही सांगता येत नाही, त्यांच्याशी मैत्री कितपत होणार? मी हसायची, नाचायची, वाढदिवसाला केक कापायची आणि आत कुलूपच. दरम्यान सौंसर छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. गावभर चर्चा चालली होती, घरचे फोनवर तेच बोलायचे, आणि मला खोलीत ती बातमी कुणाला सांगायची सोय नव्हती.

गावी गेले की मैत्रिणीची खबर मिळायची. ती छिंदवाड्याला कॉलेजात गेली, खेळते, भरतीचीही तयारी करते. एकदा लोधीखेड्याला जायला बसमध्ये चढलेही होते. बस सुटायच्या आधी उतरले.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठांच्या विभागीय स्पर्धेत गटातला आमचा दुसरा सामना मैत्रिणीच्या संघाशी पडला. तक्त्यावर त्यांच्या विद्यापीठाचं नाव वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. रात्रीपासून मी वाक्यं तयार करत होते. आधी माफी मागायची की आधी विचारायचं, कशी आहेस? माफी मागायची तर चारचौघात की बाजूला घेऊन? मला तिला एवढंच सांगायचं होतं की तो कागद खोटा होता आणि तू खरी होतीस. तीन वर्षं मी खेळत होते, पदकं घेत होते, पण मला हवं होतं ते एवढंच: तिनं एकदा मला ओळखीच्या आवाजात हाक मारावी.

सामना आम्ही जिंकलो. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. ती सुंदर खेळली, माझ्यापेक्षा चांगली, आणि पूर्ण सामनाभर माझ्याकडे तिनं जसं बाकीच्या आठ जणींकडे पाहावं तसंच पाहिलं.

सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगेत येऊन हात मिळवतात. ती माझ्यासमोर आली. केस कापले होते, खांदे भरले होते. मी तयार केलेली सगळी वाक्यं विसरले. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अच्छा खेला आपने."

हिंदीत. आम्ही दोघी कधी एकमेकींशी हिंदीत बोललो नव्हतो. हिंदी आमच्यासाठी कार्यालयातली, प्रवासातली, परक्यांशी बोलायची भाषा होती. आणि 'आप' तर ती शाळेतल्या शिपायाच्या बायकोलाही म्हणायची नाही.

"काहून हिंदीत बोलून राहिली?" मी म्हणाले. "मी हावो ना."

माझा हात तिच्या हातात होता आणि तो तिनं झटकलाही नाही. मागून त्यांचे कोच येत होते. माझ्या बोलण्यानं ते थांबले आणि त्यांनी तिला विचारलं, "जान-पहचान है क्या? अपने उधर की है?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. खरंच आठवून पाहतेय असं पाहिलं.

"नहीं सर," ती म्हणाली. "ये कभी अपनी तरफ से नहीं खेली."

मग ती पुढच्या मुलीकडे सरकली आणि तिच्याशी हात मिळवला. मी रांगेत तशीच उभी होते. ती खोटं बोलली, असं मला कुणाला सांगता आलं नसतं. तिनं फक्त मी लिहून दिलेलं वाचून दाखवलं होतं.